टोपलीतली अंडी आणि आयफेलवरचे नाव

मुलीकडे पॅरिसला जाऊन आलो की आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर दरवेळी तोच प्रश्न निघतो. 'तुला फ्रेंच येत नाही, त्यांची दारू तू पीत नाहीस, चित्रांतले तुला काही कळत नाही. मग दोन महिने तू तिथे करतोस तरी काय?' मी सांगतो, 'बागेत बसतो.' यावर सगळे हसतात. पण ते खरेच आहे. मुलीच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, सीन नदीच्या काठाला लागून एक मोठी बाग आहे. काचेची दोन उंचच उंच घरे, त्यांच्यामध्ये फरसबंद उतार आणि त्या उतारातून एकाएकी उसळणारी कारंजी. उन्हाळ्यात सगळ्या मोहल्ल्यातली पोरे त्यात भिजत असतात. आमचा सात वर्षांचा नातूही त्यांतलाच एक. तो भिजतो आणि मी त्याचा कोरडा सदरा मांडीवर घेऊन बाकावर बसतो.

पहिल्याच वर्षी मी मुलीला विचारले होते, 'ही बाग कुणाच्या नावाची गं?' ती म्हणाली, 'बाबा, तुमच्याच लाइनमधला माणूस आहे. आंद्रे सित्रोएन. मोटारवाला. इथेच त्याचा कारखाना होता.'

मी उभा जन्म पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून काढला. चौतीस वर्षे दुसऱ्यांनी योजलेले यंत्राचे भाग कागदावर आणि पुढे संगणकावर रेखाटले. तेव्हा कारखान्याच्या जागेवर बाग हे ऐकून मला जरा चुटपुटच लागली. मग मी या माणसाची माहिती काढू लागलो. मिळेल ते वाचले, मुलीकडून फ्रेंच मजकूर समजावून घेतला. आणि वाचता वाचता अशा एका ठिकाणी येऊन पोचलो, की मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे बंद पडलेले वर्कशॉप आठवले. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी या मोटारवाल्याची.

लिंबूवाल्याच्या वंशातला

आपल्याकडे तांबट, कासार, तांबोळी अशी आडनावे धंद्यावरून पडली. तसेच हे आडनाव. हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या या ज्यू घराण्यात एक पूर्वज फळे विकत असे, लिंबेही विकत असे. त्यावरून त्याला 'लिंबूवाला' अशा अर्थाचे आडनाव पडले. पुढच्या पिढीला ते हलके वाटले असावे. त्यांनी त्याच अर्थाचे 'सित्रोएन' घेतले. आंद्रेचे वडील हिऱ्यांचे व्यापारी. ते १८७३ च्या सुमारास पॅरिसला आले आणि ५ फेब्रुवारी १८७८ रोजी तिथे आंद्रेचा जन्म झाला.

मुलगा सहा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. धंद्यातली खोट हे कारण सांगितले जाते. पुढे पोरांना आईने वाढवले. आंद्रे अकरा वर्षांचा होता तेव्हा पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहत होता आणि घरात ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या वाचल्या जात होत्या. अशा वयात अशा गोष्टी डोक्यात गेल्या की त्या निघत नाहीत. तो फ्रान्सच्या नामांकित पॉलिटेक्निकमध्ये शिकला आणि १९०० मध्ये आईच्या माहेरी, पोलंडला गेला.

तिथे त्याने एक दातेरी चाक पाहिले. हे चाक जरा समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर फिरते. साध्या गिअरचे दाते सरळ असतात. एक दाता दुसऱ्यावर एकदम, सगळ्या लांबीने येऊन आदळतो. म्हणून आवाज होतो, धक्का बसतो. दाते तिरके केले तर ते हळूहळू एकमेकांत शिरतात, आवाज कमी होतो. पण तिरक्या दात्यांनी चाक एका बाजूला ढकलले जाते. यावर तोड अशी, की अर्धे दाते एका बाजूला तिरके आणि अर्धे दुसऱ्या बाजूला. दोन्ही ढकलण्या एकमेकींना खाऊन टाकतात. दिसायला हे दाते माशाच्या काट्यासारखे दिसतात. कल्पना तरुण आंद्रेची नव्हती, पण तिचे मोल त्याने ओळखले. हक्क विकत घेतले, पोलादात असे गिअर कापण्याचा कारखाना पॅरिसमध्ये काढला आणि त्यावर चांगला पैसा केला. आज सित्रोएनच्या गाडीवर जी दोन उलट्या 'व्ही'ची खूण दिसते, हवालदाराच्या बाहीवरच्या फिती उलट्या केल्यासारखी, ती म्हणजे हे दाते!

तोफगोळ्यांतून मोटार

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. आंद्रे तोफखान्यात अधिकारी होता. आपल्या तोफा गोळ्यांवाचून गप्प बसतात हे त्याने आघाडीवर पाहिले. तो सरकारकडे गेला आणि म्हणाला, मी गोळे बनवून देतो. १९१५ मध्ये पॅरिसच्या जावेल भागात, नदीकाठी, त्याने कारखाना उभा केला. (जावेल म्हणजे तेच, जिथे अठराव्या शतकात कपडे पांढरे करणारे ब्लीचिंगचे पाणी प्रथम तयार झाले. फ्रान्समध्ये त्या पाण्याला अजून 'जावेलचे पाणी' म्हणतात.) पुरुष आघाडीवर, म्हणून कामाला बायका. त्यांच्यासाठी जेवणघर, दवाखाना, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर. युद्ध संपेपर्यंत या कारखान्यातून दोन कोटींहून अधिक तोफगोळे बाहेर पडले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले. गोळे कोण घेणार? पण या माणसाने याचा विचार आधीच करून ठेवला होता. त्याने अमेरिकेतली हेन्री फोर्डची पद्धत पाहिली होती, युद्धापूर्वी 'मोर्स' नावाची मोटार कंपनीही चालवली होती. १९१९ मध्ये त्याच जागेतून 'टाइप ए' ही गाडी बाहेर पडली. तोवर युरोपात मोटार घेणे म्हणजे बंगला बांधण्यासारखे होते. सांगाडा एकाकडून, वरची बॉडी दुसऱ्याकडून, दिवे आणि टायर आणखी तिसऱ्याकडून. सित्रोएनने गाडी दिवे, स्टार्टर, टप आणि जादा चाकासकट तयार विकायला काढली. किल्ली घ्या आणि निघा! १९२२ मध्ये त्याने एक छोटी गाडी काढली. तिच्या पिवळ्या रंगावरून लोक तिला 'लिंबू' म्हणू लागले. लिंबूवाल्याचे आडनाव असे फिरून घरी आले.

जाहिरातीचे तर या माणसाला वेड होते. १९२२ च्या मोटार प्रदर्शनाच्या वेळी त्याने विमानाच्या धुराने आकाशात आपले नाव लिहून घेतले. मुलांसाठी आपल्याच मोटारींची हुबेहूब खेळणी बनवली, कारण आजची पोरे हीच उद्याची गिऱ्हाइके. फ्रान्सभर रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावल्या, त्यांवरही स्वतःचे नाव. आणि १९२५ मध्ये कळस! लहानपणी जो आयफेल टॉवर चढताना पाहिला होता, त्याच्यावर सुमारे अडीच लाख दिव्यांनी SITROEN नव्हे, तर आपल्या आडनावाची सगळी अक्षरे वरपासून खालपर्यंत पेटवली. १९३४ पर्यंत ती जळत होती. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग एकटा अटलांटिक ओलांडून पॅरिसला आला, तेव्हा त्या दिव्यांचा त्याला अंधारात उपयोग झाला आणि पुढे सित्रोएनने आपल्या कारखान्यात त्याचा सत्कारही केला.

वाहने सहाराच्या वाळवंटातून नेली, उभ्या आफ्रिकेतून नेली. १९३१ मध्ये तर बैरूतहून पेकिंगला निघालेल्या त्याच्या मोहिमेची एक तुकडी आपल्या काश्मीरमधून गेली. मागे चाकांऐवजी पट्टे असलेल्या त्या गाड्या श्रीनगरहून बुर्झिलच्या खिंडीतून गिलगिटकडे निघाल्या. रस्ता असा, की जागोजागी गाड्या खोलून त्यांचे भाग हमालांच्या पाठीवरून न्यावे लागले. गिलगिटला पोचलेल्या गाड्यांना पुढे वाट नव्हती. माणसे घोड्यांवरून आणि पायी गेली. फेब्रुवारी १९३२ मध्ये मोहीम पेकिंगला पोचली, पण तिचा प्रमुख जॉर्ज-मारी हार्ट महिन्याभरातच हाँगकाँगला न्यूमोनियाने वारला. आंद्रेचा तो जुना सहकारी आणि मित्र. वाचताना मला वाटले, इथे या माणसाने थोडे थांबायला हवे होते.

दिवे गेले

पण थांबणे हा त्याचा स्वभावच नव्हता. जुगाराच्या टेबलावरही तो मोठे डाव लावत असे, आणि धंद्यातही. १९३३ मध्ये, जग मंदीत बुडालेले असताना, त्याने जावेलचा कारखाना पाडून नवा, आणखी मोठा बांधला. तोही काम बंद न ठेवता, काही महिन्यांत! उद्‌घाटनाच्या मेजवानीला सहा हजारांवर पाहुणे. आणि त्याच वेळी गुपचूप एक नवी गाडी तयार होत होती.

एप्रिल १९३४ मध्ये ती आली. 'त्राक्सिओं आव्हां', म्हणजे पुढून ओढणारी. तोवर बहुतेक मोटारींत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, असे असे. या गाडीत जोर पुढच्या चाकांना. खाली वेगळा लोखंडी सांगाडा नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गाडी बुटकी, हलकी आणि रस्त्याला घट्ट धरून चालणारी. ब्रेक द्रवाच्या दाबावरचे. आज तुमच्या-आमच्या दाराशी ज्या छोट्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्यातली बहुतेक याच रीतीने बनतात. आंद्रे लफेव्र हा विमानविद्येतून आलेला इंजिनिअर आणि फ्लामिनिओ बेर्तोनी हा इटालियन शिल्पकार, या जोडीने हे काम जेमतेम वर्षभरात उरकले.

आणि घात तिथेच झाला. वर्षभरात उरकल्यामुळे गाडीत खोडी राहिल्या. आपोआप बदलणारे गिअर ऐनवेळी रद्द करून साधे बसवावे लागले. पहिल्या गिऱ्हाइकांना मोडतोडीचा त्रास झाला. नवा कारखाना, नवी गाडी, आटलेली विक्री आणि डोंगराएवढे कर्ज. बँका मागे सरल्या. माल पुरवणाऱ्यांचे पैसे थकले. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. आयफेलवरचे दिवे त्याच वर्षी गेले. सर्वांत मोठा सावकार होता टायर बनवणारी मिशलँ कंपनी. तिने सित्रोएन ताब्यात घेतली. आंद्रेला पोटाचा कर्करोग झाला होता. ३ जुलै १९३५ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, तो गेला.

आता यातली खरी गोष्ट ऐका. ज्या गाडीने त्याला बुडवले, ती गाडी नंतर चालली! मिशलँच्या माणसांनी तिच्या खोडी काढल्या, खर्चाला कात्री लावली, हजारो कामगार कमी केले. १९५७ पर्यंत ती गाडी बनत राहिली, साडेसात लाखांहून अधिक विकली गेली. कंपनीला तिनेच तारले. पाहायला तिचा धनी नव्हता, एवढेच.

चार चाकांवरची छत्री

मिशलँने जी माणसे पाठवली, त्यांत पिएर-ज्यूल बूलांजे नावाचा एक उंच, अबोल गृहस्थ होता. आंद्रेच्या अगदी उलट. ना जाहिरात, ना मेजवान्या. त्याने पाहिले, की खेड्यातला शेतकरी अजून घोडागाडीने नाहीतर हातगाडीने बाजारला जातो. त्याच्यासाठी कोणी मोटार बनवतच नाही. मग त्याने इंजिनिअरांना एक फर्मान दिले, ते जगातल्या मोटारविद्येत प्रसिद्ध आहे. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे नेता आले पाहिजेत. वेग ताशी साठ किलोमीटर. शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल, जास्त नाही. नवशिक्याला चालवता यावी. आणि शेवटची अट, अंड्यांची टोपली मागे ठेवून नांगरलेल्या रानातून गाडी नेली, तर एकही अंडे फुटता कामा नये! दिसण्याबद्दल त्याने फारशी फिकीर केली नाही. मात्र स्वतः डोक्यावर हॅट घालून तो नमुन्यात बसून पाही. छताला हॅट लागली तर नमुना नापास.

१९३९ च्या ऑक्टोबरात ती गाडी दाखवायची होती. सुमारे अडीचशे नमुने तयार झाले होते. ३ सप्टेंबरला फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि प्रदर्शन रद्द झाले. पुढे जर्मन पॅरिसमध्ये शिरले. ही गाडी त्यांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक नमुने मोडून टाकले, थोडे लपवले. त्यांतले तीन तर कंपनीच्या चाचणीच्या जागेतल्या एका कोठाराच्या माळ्यावर १९९० च्या दशकात सापडले! याच बूलांजेची आणखी एक गोष्ट सांगतात. जर्मन सैन्यासाठी ट्रक बनवायची सक्ती होती. त्याने तेल मोजण्याच्या पट्टीवरची खूण चुकीच्या ठिकाणी करायला लावली. तेल कमी असूनही पट्टीवर पुरेसे दिसे, आणि आघाडीवर गेल्यावर इंजिने जाम होत.

७ ऑक्टोबर १९४८ रोजी, नऊ वर्षांच्या उशिराने, पॅरिसच्या प्रदर्शनात गाडीवरचा पडदा उठला. नाव '२ सीव्ही', फ्रेंचमध्ये 'द शव्हो', म्हणजे 'दोन घोडे'. पत्रकारांनी हसून घेतले. पत्र्याचा डबा म्हणाले, चार चाकांवरची छत्री म्हणाले. नळीच्या चौकटीवर कापड ताणलेल्या खुर्च्या, वर कॅनव्हासचे गुंडाळता येणारे छप्पर, हवेने थंड होणारे ३७५ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, ताकद नऊ अश्वशक्ती. आपल्याकडची बुलेट मोटरसायकल ३५० सीसीची, यावरून कल्पना करा.

पण लोकांनी रांगा लावल्या. काही वर्षांत प्रतीक्षा यादी तीन-चार वर्षांवर गेली. पैसा पुढे करणाऱ्याला आधी गाडी, असे कंपनीने केले नाही. खेड्यातले डॉक्टर, सुईणी, पाद्री, शेतकरी यांना पहिला मान दिला. आपल्याकडे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावलेल्या पिढीला या यादीचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणि अंड्यांचे काय? ती खरेच फुटत नसत. युक्ती अशी, की एका बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आडव्या स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेले होते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की मागच्या बाजूलाही त्याची खबर जाई आणि गाडी आडवीच्या आडवी राही. होडी लाटेवर तरंगते तशी ती नांगरटीवर तरंगे. बूलांजे १९५० मध्ये मोटार अपघातात वारला. त्याची गाडी मात्र २७ जुलै १९९० पर्यंत बनत होती. शेवटची पोर्तुगालमधल्या मांगुआल्दे इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. बेचाळीस वर्षे, ३८ लाखांहून अधिक गाड्या.

देवी आणि तेल

याच कंपनीने १९५५ मध्ये दुसरे टोक गाठले. 'डीएस' ही गाडी. फ्रेंचमध्ये या दोन अक्षरांचा उच्चार 'देएस' होतो, आणि त्याचा अर्थ 'देवी'. स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायू भरलेले गोळे, उभी असताना खाली बसणारी, इंजिन सुरू केले की उठून उभी राहणारी गाडी! प्रदर्शनाच्या पहिल्या एका दिवसात १२ हजार लोकांनी नाव नोंदवले. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसबाहेर राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले, पण ती डीएस ताब्यात राहिली आणि चालकाने वेग न सोडता ती बाहेर काढली. द गॉल पती-पत्नी सुखरूप वाचले.

पण आंद्रेच्या घराण्याचा गुण जणू भिंतींत मुरला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने पुन्हा एकदम फार काही हाती घेतले. इटलीची माझेराती विकत घेतली, नवी गाडी, नवे इंजिन, नवा कारखाना. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोल कडाडले आणि डाव उलटला. १९७४ मध्ये मिशलँने कंपनी पूजोकडे सोपवायला सुरुवात केली आणि १९७६ पर्यंत व्यवहार पुरा झाला. (हीच पूजो १९९० च्या दशकात प्रीमियरबरोबर आपल्या कल्याणला थोडी वर्षे '३०९' गाडी बनवत होती.) जावेलचा कारखाना बंद झाला, पाडला गेला, आणि त्या जागेवर १९९२ मध्ये ही बाग उघडली. २०२१ पासून सित्रोएन 'स्टेलांटिस' या मोठ्या समूहात आहे, आणि २०२२ मध्ये तिची 'सी ३' ही छोटी गाडी तामिळनाडूत तयार होऊन आपल्या रस्त्यांवर आली. ती पहिल्यांदा पुण्यात सिग्नलला दिसली तेव्हा मी बोनेटवरचे ते दोन 'व्ही' पाहतच राहिलो. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो.

आमचा काट्याचा गिअर

आता आमची गोष्ट. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या वडिलांचे, आबांचे, छोटे वर्कशॉप होते. दोन लेथ, एक ड्रिल, दोन कामगार. आसपासच्या गुऱ्हाळांचे चरक दुरुस्त करणे हा मुख्य धंदा. चरकाचे गिअर सरळ दात्यांचे, ओतीव लोखंडाचे. खडखडाट मैलभर ऐकू जाई, आणि हंगामात कधी ना कधी दाता तुटे. आबांच्या मनाने घेतले, की लहान शेतकऱ्यासाठी एक हलका, आवाज न करणारा चरक बनवायचा, डिझेल इंजिनावर चालणारा. त्याला माशाच्या काट्यासारख्या दात्यांचे गिअर. त्यांनी ते कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते. सित्रोएनचे नावही त्यांनी ऐकले नसेल.

त्यांनी बँकेचे कर्ज काढले, वर खासगी सावकाराचे. सागवानी पॅटर्न स्वतः कोरला. ओतकाम तीनदा फसले. चौथ्यांदा जमले, चरक चालला, आणि खरेच, त्याचा आवाज येईना! पहिल्या हंगामात पाच विकले गेले. त्यांतल्या दोघांचे दाते गेले. आबांनी ते पदरमोड करून बदलून दिले. दुसऱ्या हंगामापूर्वी डिझेल महाग झाले. १९७३ चे तेच तेल, ज्याने जावेलचा कारखाना बुडवला. शेतकऱ्यांनी हात आखडले. १९७४ च्या पावसाळ्यात लेथ हातगाड्यांवर चढवून नेले, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि दारात उभा होतो. आबांनी पुढची सतरा वर्षे दुसऱ्याच्या शॉपमध्ये टर्नर म्हणून काढली. १९९१ मध्ये ते गेले. चरकाचे नाव त्यांनी घरात पुन्हा काढले नाही.

त्या दिवसापासून मी मनाशी ठरवले होते, की आबा बेजबाबदार होते. म्हणूनच मी नोकरी धरली, एक तारखेचा पगार धरला, कधी कुठला डाव लावला नाही. त्याचा मला पस्तावा नाही. पण सित्रोएनची गोष्ट वाचताना पहिल्यांदा वाटले, गिअर चुकीचा नव्हता. घाई झाली आणि वेळ वाईट आली. अशा माणसाला मूर्ख ठरवणे सोपे असते, कारण हिशेब तेवढाच कागदावर राहतो.

मात्र एवढ्यावर थांबलो तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. शॉप बंद झाले तेव्हा दोन कामगारांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. आईने आपल्या पाटल्या विकून तो चुकता केला. खूप वर्षांनी, आबा गेल्यानंतर, मी एकदा तिला विचारले, 'आबांचं चुकलं का गं?' ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'सपान त्येंचं हुतं बाबा, पाटल्या माझ्या हुत्या.' एवढेच. रागही नव्हता त्यात आणि कौतुकही नव्हते.

म्हणून मला बागेतल्या त्या नावाबरोबर त्या हजारो कामगारांचीही आठवण येते, ज्यांना १९३५ च्या सुमारास घरी पाठवले. पैसे थकलेल्या पुरवठादारांची येते. त्यांच्या नावाची बाग नाही. आंद्रेच्या गोष्टीत बूलांजे नसता, तर ती नुसती दिव्यांची गोष्ट झाली असती. नाव पेटवणारा एक लागतो आणि टोपलीतली अंडी मोजणारा एक लागतो. आमच्या घरी दुसरे काम आईने केले, आणि त्याचे श्रेय तिला कोणी दिले नाही. मीही नाही.

यंदा परत आल्यावर कोल्हापूरच्या जुन्या घरी गेलो. भाऊ तिथे राहतो. शिडी लावून माळ्यावर चढलो. जुन्या गाद्यांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेला तो सागवानी पॅटर्न अजून होता. आईनेच गुंडाळून ठेवला असणार, कारण आबांनी त्याच्याकडे परत पाहिले नव्हते. धूळ पुसली. दाते अजून सरळ रेषेत होते, उजवे उजवीकडे, डावे डावीकडे, एक केसभर फरक नाही. मी मोजपट्टी लावून पाहिले. चौतीस वर्षांची सवय, दुसरे काय!

भावाला म्हटले, 'हा मी घेऊन जातो. पुढच्या वेळी पोराला दाखवीन.' तो म्हणाला, 'ने की. पण विमानात वजन किती हुईल, बघ आधी.'

खरे आहे. वजन बघायलाच हवे.